बानाबाईचं वारं

छत्रपती संभाजीनगर,
रविवार, २४ ऑगस्ट

प्रिय सरिता वहिनी,

सप्रेम नमस्कार. मी इथं बरी आहे, तुम्ही सगळेही बरे असाल. पोळ्याला आले नाही म्हणून अण्णा रुसले असतील. त्यांना सांग, लॅबमध्ये डेंग्यूच्या तपासण्यांची रीघ लागली आहे, सुट्टी मिळाली नाही. हे खरं आहे. नुसतं निमित्त नाही.

तुझी मान कशी आहे? सिल्लोडच्या डॉक्टरांनी दिलेला पट्टा लावतेस ना? परी मला फोनवर म्हणाली, "आत्याआजीनं मम्मीचा पट्टा माळ्यावर टाकून दिला." खरं आहे का?

परीसाठी फ्रॉक पाठवते आहे, शहागंजातून घेतले. पिवळ्याची शिवण कच्ची वाटली म्हणून पुन्हा मारून घेतली. हे पत्र तुला खोक्याच्या तळाशी, पुठ्ठ्याखाली सापडेल. फोनवर बोलता येत नाही. तुझा फोन ओट्यावर स्पीकरवर असतो आणि कडूआत्या शेजारी लसूण सोलत असते. मेसेज केला तर सुट्टीला आलेला रामप्रसाददादा तो आधी वाचतो. माझा भाऊ वाईट नाही, पण त्याच्या पोटात काही राहत नाही.

वाळूजच्या खोलीचं काय झालं? दादा कंपनीत परमनंट झाला, खोली घेतली, परीला तिथल्या शाळेत घालायचं ठरलं, आणि तू अजून वस्तीवरच. आत्या अजून तेच म्हणते का, "देवीचं झाड उपटून नेतेत व्हय कुठं?"

माझं म्हणशील, तर मायक्रोस्कोपवर वाकून वाकून कंबर धरते. डॉक्टर म्हणाले, व्यायाम कर. लॅबमधली मोनिका म्हणाली, चल माझ्याबरोबर, कंबरेचाच क्लास आहे. मी घरमालकिणीला तेच सांगितलं. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही, म्हणून तुला पुरतं सांगते. तो नाचाचा क्लास आहे. बेली डान्स. पोटाचा नाच.

हसू नकोस. टीव्हीवर दाखवतात तसं तिथं काही नाही. पार्लरच्या वरच्या मजल्यावर एक खोली, खिडक्यांना जाड पडदे, आत फक्त बायका. मी पंजाबी ड्रेसवरच कंबरेला ओढणी बांधते. हर्सूलहून एक आजी येतात. घरी काय सांगता, म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "भजनाला जाते म्हणते. इथंबी देवाचंच नाव घेते की, पडू नये म्हणून."

शिकवणाऱ्या नसरीन आपा. त्यांच्या मालकांची नोकरी कैरोत होती, तिथं त्या बरीच वर्षं राहून आल्या. आता गुडघे दुखतात म्हणून खुर्चीत बसूनच शिकवतात. पहिल्या दिवशी मी पोट आत ओढून उभी होते. म्हणाल्या, "कायकू चोरती जी पेट? तेराच है ना? छोड दे."

तुला माहीत आहे, मला कुठल्याही गोष्टीचं मूळ कळल्याशिवाय चैन पडत नाही. घरात पहिली शिकलेली मी. औषधाच्या बाटलीपासून बँकेच्या कागदापर्यंत सगळं माझ्यापुढं यायचं, आणि आपण चुकीचं वाचलं तर काय, ही भीती तेव्हापासून गेली नाही. म्हणून आपांना विचारलं, हा नाच आला कुठून?

त्या म्हणाल्या, नक्की कुणालाच माहीत नाही. कुणी म्हणतं, कळा देणाऱ्या बाईभोवती बाकीच्या बाया पोट घुसळायच्या, तिला बळ यावं म्हणून. कुणी म्हणतं, जुन्या देवळांतून आला. कुणी म्हणतं, आपल्याकडून तिकडं गेलेल्या भटक्या लोकांनी नेला. "सब कसम खाके बोलते, देखा किसीने नहीं." पोटाचा नाच हे नाव बाहेरून बघायला आलेल्या गोऱ्या लोकांनी ठेवलं. तिथल्या बायका लग्नघरी, पुरुष बाहेर बसले की, आतल्या खोलीत आपसात नाचतात. आज्या, मावश्या, सगळ्या. त्याला त्या बलदी म्हणतात. बलदी म्हणजे आपल्या गावचं. आपण गावठी म्हणतो ना, तसं.

मी म्हटलं, मग बायकांना यात एवढं काय वाटतं? आपांनी स्वतःच्या पोटावर हात ठेवला. "हाथ घर के, पाँव रस्ते के, मुँह ससुराल का. येइच एक जगह बची थी."

तिथं पहिला नियम, डोकं हलवायचं नाही. खांदे शांत, मान ताठ, चेहऱ्यावर काहीच नाही. जे काय व्हायचं ते खाली, पोटात आणि कंबरेत. त्यासाठी आपा डोक्यावर ओढणी घ्यायला लावतात. सरकली की पहिल्यापासून.

माझी सरकत नाही. आपा पुन्हा पुन्हा विचारतात, "पहले कहाँ सीखी?" मी म्हणते, कुठंच नाही.

बाकी विशेष काही नाही. अतुलच्या घरचे दसऱ्यानंतर बोलणी करायला येणार आहेत. त्या वेळी तू घरात असावीस असं मला वाटतं, पण तू वाळूजला गेलेली असलीस तर त्याहून बरं वाटेल. पट्टा माळ्यावरून काढ.

तुझी,
प्रांजली


छत्रपती संभाजीनगर,
रविवार, १४ सप्टेंबर

प्रिय वहिनी,

नमस्कार. दादानं आणलेल्या बाजरीच्या पिठात हात घातला आणि तुझी चिठ्ठी बोटांना लागली. पीठ झटकून तिथंच ओट्याशी उभ्यानं वाचली.

"मला काय येत नाय ताई. कधीच आलं नाय. मी नुसती मान हलविते."

हे तू मला सांगितलंस, मलाच सांगितलंस, याचं ओझं वाटतं आणि बरंही वाटतं. आता मी जे लिहिणार आहे त्यातलं बरंच तुला माहीत आहे. तरी क्रमानं लिहू दे. रक्ताच्या नळीवर नाव चिकटवताना मी आधी माणसाचा चेहरा बघते, मग नाव, मग पुन्हा चेहरा. मोनिका चेष्टा करते. पण चुकीच्या नळीवर नाव लागलं की औषध भलत्याच माणसाला जातं. आपल्या घरात तसंच झालं आहे.

आई देवीचं झाड होती. अमावास्येला लिंबाखाली कारभारी काकांनी ढोल धरला की तिच्या अंगात वारं यायचं. लोक हरवलेल्या मेंढरापासून पोरीच्या सासरापर्यंत सगळं तिला विचारायचे. आई गेली, आणि त्या नवरात्रात वारं कुणाकडे गेलं ते बघायला पुन्हा ढोल लागला. आत्यानं मला ढोलापुढून आधीच उठवलं. "लेकीला नका बशिवू. लेकीचं वारं लेकीसंगं परक्या घरी जातंय. सुनंला बशिवा."

म्हणून तू ढोलापुढं, मी चुलीपुढं. तू दिवसभराची उपाशी, पुढ्यात उदाचा धूर. तुला चक्कर आली आणि आत्या ओरडली, "आली! आली!" तू आता लिहितेस, "डोळे उघडले तर कपाळाला भंडारा, आन् समद्या माझ्या पाया पडायलेल्या. अण्णासुदीक. काय बोलू मी तवा?"

काय बोलणार होतीस? मीही काही बोलले नसते.

तेव्हापासून तू दुसऱ्या गावांतल्या घुमणाऱ्या बायांचं बघून केस सोडून मान फिरवतेस. लोक आईचं नाव काढून कुजबुजतात, बानाबाईसारखं नाय. मग आत्या चिडते, "जोरात हलव, वारं हाय का झुळूक?" डॉक्टर म्हणतात, मानेतली नस दबली आहे, झटका बसला तर हात जाईल. परीची वेणी घालताना तुझ्या हातातून कंगवा पडतो, हे तू शेवटच्या ओळीत, अगदी बारीक अक्षरात लिहिलंस. आणि पुढच्या सोमवारी घट बसणार. रोज ढोल.

आता माझं.

गेल्या महिन्यात, फ्रॉक पाठवले त्याच्या आदल्याच दिवशी, आपांनी एक वेगळा ठेका लावला. म्हणाल्या, हा नाचाचा नाही, ज़ारचा आहे. तिकडं एखाद्या बाईला काही लागलं, धरलं, असं वाटलं की बायका जमतात आणि डफ वाजवतात. एक ठेका, मग दुसरा, मग तिसरा, तिच्यातलं जे काय आहे ते कशाला उठतं ते बघत. उठलं की बाई नाचते. ते हाकलून काढत नाहीत. त्याला काय हवं ते विचारतात, नाचू देतात. "फिर औरत उठती, घर जाके आटा गूँधती," आपा म्हणाल्या, आणि आवाज वाढवला.

वहिनी, तो कारभारी काकांचा ढोल नव्हता. पण ढोल पोटात जिथं लागतो तिथंच तो लागला.

पुढचं मला नीट सांगता येत नाही आणि जे नीट सांगता येत नाही ते लिहायला मी भिते. वाजवणं थांबलं तेव्हा बाकीच्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. हर्सूलच्या आजींनी हात जोडले होते. खोलीत मेंढरांच्या ओल्या लोकरीचा वास होता, एसी चालू असताना. ओढणी डोक्यावर जशीच्या तशी. मी समोर आरशात बघितलं.

आई घुमताना आठवते तुला? केस कधी सुटले नाहीत. मान ताठ, पदर डोक्यावर, तो कधी ढळला नाही. नाभीखालून एक बारीक थरथर सुरू व्हायची आणि कंबरेला फिरत जायची, पाण्यावर वारा फिरतो तशी. असं दुसऱ्या कुठल्याच बाईला घुमताना मी पाहिलं नाही. आरशात ते होतं. चेहरा माझा होता, इतकंच.

आपांनी पाणी दिलं, आणि या वेळी विचारलं नाही की कुठं शिकलीस.

तेव्हापासून ते बोलावल्याशिवाय येतं. लॅबमध्ये रक्त फिरवायचं मशीन घुमायला लागलं की ॲप्रनच्या आत पोट थरथरतं. मी ओट्याला पोट टेकवून उभी राहते, तर स्टँडमधल्या नळ्या किणकिणतात. काल मोनिका म्हणाली, "भूकंप आला का गं?" मी हसले. हसताना माझा आवाज आईचा आला.

आणि आता आठवतं, त्या नवरात्रात चुलीपुढं माझ्या हातातलं ताटही वाजत होतं. मला वाटलं, रडू दाबल्यामुळं. तिकडं तुला भंडारा लावत होते आणि इकडं माझ्या हातात ताट वाजत होतं.

आपांना विचारलं, हे खरं काय असतं? देवी असते, की माणूस, की नुसतं अंग? त्या म्हणाल्या, "मैं नाच सिखाती जी. फैसले नक्को पूछ."

उद्या अविधवा नवमी, त्यासाठी दादा आज रात्रीच वस्तीवर जातो आहे; त्याच्या हाती पिठाचा रिकामा डबा देते, त्यात हे पत्र. आईच्या नावानं पान वाढाल तेव्हा तिच्या पानात कारळाची चटणी वाढ. आत्या विसरते.

आणखी एक गोष्ट आहे. ती लिहायला हात उचलत नाही.

तुझी नणंद,
प्रांजली


छत्रपती संभाजीनगर,
शुक्रवार, १९ सप्टेंबर

प्रिय वहिनी,

दादा उद्या वस्तीवर येतो आहे. त्याच्या हाती परीचे बूट देते. डाव्या बुटात हे पत्र असेल.

परवा फोनवर मागून आत्याचा आवाज आला, "औंदा नऊ दिवस जोरात झालं पाह्यजे, नायतर लोक थुकतील तोंडावर." आणि तू म्हणालीस, "व्हय आत्या." इतक्या सरळ आवाजात म्हणालीस की मी फोन ठेवून जिन्यात बसले.

राहिलेली गोष्ट आता लिहिते.

मी लहान होते, शाळेत जायला लागले नव्हते. आपला वाडा, मेंढरं आणि पालं, तेव्हा एका कापून झालेल्या शेतात बसला होता. भर दुपार. अण्णा आणि काका मेंढरं घेऊन लांब गेलेले, आत्या पाण्याला. मी पालात निजले होते, जाग आली. आई तीन दगडांच्या चुलीपाशी एकटी उभी होती. ढोल नव्हता. अमावास्या नव्हती. कुणी बघायला नव्हतं, विचारायला नव्हतं. तिच्या हातांना पीठ लागलेलं, ते तिनं दोन्ही बाजूंना धरलं होतं, लुगड्याला लागू नये म्हणून. आणि ती तशीच हलत होती. मान ताठ, पदर डोक्यावर, नाभीखालून ती थरथर. तोंडानं हलकेच काहीतरी म्हणत होती. आणि वहिनी, ती हसत होती. आईचे सगळे दात मी तेव्हा एकदाच पाहिले.

तिनं मला पाहिलं. थांबली. पिठाच्या हातानंच पदर पुढं ओढला आणि जवळ येऊन वाकून म्हणाली, "देवीला सांगू नको हां."

मी कुणालाच सांगितलं नाही. मला त्याचा अर्थच कळला नव्हता. परवा तुझं "व्हय आत्या" ऐकलं आणि कळला, किंवा कळला असं वाटतं. आईला नाचायचं होतं. आपल्यात सून नाचली तर काय होतं ते तुला सांगायला नको. देवी नाचली तर लोक पाया पडतात. तिच्या अंगात देवी येतच नसेल असं मी म्हणत नाही, तेवढं मला माहीत नाही. पण देवीनं आईला जागा दिली, की आईनं देवीच्या जागेत स्वतःला लपवलं, हे मी तेव्हापासून मनात घोळवते आहे आणि मला ठरवता येत नाही.

सगळ्यात अवघड वाक्य हे. मला ते आवडतं. भीती वाटते, झोप लागत नाही, पाठीमागं कुणीतरी उभं आहे असं सारखं वाटतं, आणि तरी आवडतं. ती थरथर येते तेव्हा आई गेलेली नसते.

म्हणून मी रविवारी येते आहे. अमावास्या आहे, लिंबाखाली ढोल लागेलच. आत्या मला चुलीकडं पाठवेल, मी जाणार नाही. तुझ्या शेजारी बसेन. वारं आलं तर येईल. आलं नाही तर आणणार नाही, तेवढं खोटं मला जमायचं नाही. पण येईल. हे लिहितानासुद्धा टेबल हलतं आहे, अक्षर बघ.

मग आत्या विचारेल, सगळ्यांना विचारतात तसं, "कोण हाय तू? नाव सांग!" त्याचं उत्तर काय द्यायचं, यावर मी फार विचार केला. देवीचं नाव घेतलं तर मला माहीत नसलेली गोष्ट सांगितल्यासारखं होईल. माझं नाव घेतलं तर तेही पुरतं खरं होणार नाही. मी म्हणेन, "बाना." आईचं नाव. ते ऐकून देवी कोपली तर कोपो. ते खोटं नाही, याची मी सगळ्या बाजूंनी खात्री करून घेतली आहे.

आत्या मला बोल लावेल, पण तिचाच नियम आहे. लेकीचं वारं लेकीसंगं जातं. मग वस्तीवर झाड राहत नाही, आणि झाड नसलेल्या सुनेला वाळूजला जायला कुणाची आडकाठी? मी ते वारं माझ्याबरोबर इथं आणीन. हरवलेलं मेंढरू कुठं आहे हे कुणाला सांगणार नाही, कारण मला ते माहीत नाही. पार्लरच्या वरच्या मजल्यावर, पडदे लावून, नाचू देईन. मग खोलीवर येऊन पीठ मळीन.

अतुलला काल फोन केला. त्याला नंतर बाहेरून कळावं, हे बरोबर वाटेना. सांगितलं की आमच्या घरात अंगात येतं, आणि ते आता माझ्याकडं आहे. तो म्हणाला, "घरी विचारून सांगतो." अजून फोन आला नाही. मी फोन उलटा ठेवला आहे.

तू एकच कर. परीची आणि तुझी बॅग भरून ठेव, दादाला काही बोलू नकोस, तो गावभर सांगेल. रविवारी पट्टा घालूनच बस. आत्या काही म्हणाली तर म्हण, प्रांजलीताईनं सांगितलंय. ढोल सुरू झाला, सगळ्यांचे डोळे तुझ्याकडं वळले, तरी हलू नकोस. मान सरळ ठेव, वहिनी. एवढीच मान सरळ ठेव. मी पदर डोक्यावर घेईन, तो ढळणार नाही, आणि मग लोक आपोआप माझ्याकडं बघतील.

वाचून झालं की हे चुलीत घाल. आणि देवीला सांगू नको.

बानाबाईची,
प्रांजली